पन्नास डॉलरांच्या नोटेवरचा गृहस्थ

गेल्या दिवाळीत आमचा नातू अमेरिकेहून आठ दिवसांसाठी घरी आला होता. पाडव्याच्या दिवशी त्याने आजीला वाकून नमस्कार केला आणि तिच्या हातावर एक नोट ठेवली. पन्नास डॉलरांची! "पहिल्या पगारातली आहे बरं का, आजी," तो म्हणाला. आमच्या सौभाग्यवतींनी ती देवापुढे ठेवली, हळदकुंकू वाहिले आणि मग चष्मा लावून विचारले, "हा दाढीवाला बाबा कोण रे?"

"असेल कोणीतरी प्रेसिडेंट. तिकडे नोटेकडे बघतो कोण? सगळं कार्डावर चालतं."

मी जन्मभर बँकेत काढला. नोट हाती आली की ती उजेडात धरून, उलटीसुलटी करून पाहिल्याखेरीज मला चैन पडत नाही. चित्राखाली नाव होते : ग्रँट.

"अगं बाई! आपल्या ग्रँट रोडचा?"

गिरगावात पन्नास वर्षे संसार केलेल्या बाईने दुसरे काय म्हणावे? आपला ग्रँट रोड सर रॉबर्ट ग्रँट यांच्या नावाचा. ते १८३५ ते १८३८ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. नोटेवरचा हा युलिसिस ग्रँट, अमेरिकेचा अठरावा अध्यक्ष. पण मौज अशी, की हा ग्रँटही आमच्या चाळीपासून फार लांब नाही अशा जागी राहून गेला आहे. अध्यक्षपदावरून उतरल्यावर तो बायकोसह जगप्रवासाला निघाला आणि १८७९ च्या फेब्रुवारीत मुंबईला आला. मलबार पॉइंटवरच्या गव्हर्नरच्या बंगल्यात, म्हणजे आजच्या राज्यपालांच्या निवासस्थानाच्या आवारात, त्याचा मुक्काम होता. तिथून जबलपूर, आग्रा, जयपूर, बनारस करीत तो कलकत्त्याला गेला.

हे सगळे मला तेव्हा कुठे माहीत होते! नातवाने परत गेल्यावर ग्रँटच्या आठवणींचे जाडजूड पुस्तक धाडून दिले म्हणून कळले. थोरामोठ्यांची आत्मचरित्रे मी सहसा वाचत नाही. त्यात लेखकाचे कधी काही चुकलेलेच नसते. पण हे पुस्तक हाती घेतले आणि पहिल्या काही पानांतच एक घोड्याची गोष्ट आली. ती वाचून मी पुस्तक मिटून ठेवले व गॅलरीत जाऊन उभा राहिलो. कारण त्या गोष्टीतला पोरगा म्हणजे हुबेहूब आमचे अण्णा.

ग्रँट आठ वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. ओहायो राज्यातल्या एका खेड्यात बापाचा चामडे कमावण्याचा धंदा. पोराला त्या रक्तामासाची किळस. मात्र घोड्यांचे विलक्षण वेड. शेजारच्या एका माणसाचे शिंगरू त्याच्या मनात भरले. बापाने पढवून पाठवले, आधी वीस डॉलर सांग, नाही म्हटले तर साडेबावीस, अगदीच अडून बसला तर पंचवीस. पोरगा गेला आणि मालकाला अथपासून इतिपर्यंत सगळेच सांगून मोकळा झाला : बाबांनी वीस सांगायला सांगितले आहेत, तेवढ्यात नाही दिलेत तर साडेबावीस, आणि तरीही नाही दिलेत तर पंचवीस! सौदा कितीला पटला असेल हे वाचकांना सांगायला नकोच. गावातल्या पोरांनी या गोष्टीवरून त्याला पुढे कित्येक दिवस भंडावून सोडले.

आमचे अण्णा, म्हणजे वडील, याच वळणाचे. भाजीवालीने भाव सांगितला की हे म्हणायचे, "माझ्याजवळ आठ आणे आहेत. त्यात काय बसेल ते दे." आई कपाळाला हात लावी. अण्णा एका सरकारी कचेरीत कारकून. पगार एकशे साठ. आम्ही चार भावंडे आणि आजी. अशा माणसाने १९५६ साली एका मित्राच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली. मित्राचे नाव मी सांगत नाही. त्यांची मुलेबाळे आहेत. कर्ज होते २,८०० रुपयांचे. मित्र वर्षभरात कुटुंबासह मुंबई सोडून गेले, आणि पतपेढीचे पत्र अण्णांच्या नावाने आले.

असो. अण्णांकडे पुन्हा येईनच. आधी ग्रँटचे सांगतो.

या माणसाचे सगळे आयुष्य म्हणजे खाली-वर जाणारा पाळणा. बापाने त्याला वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेत घातले. शिफारस करणाऱ्याने कागदावर त्याचे नावच चुकीचे लिहिले, आणि तो जन्मभर तेच नाव वागवीत राहिला. नावातल्या 'एस' या अक्षराला काही अर्थच नाही! १८४३ साली तो एकोणचाळीस जणांत एकविसावा येऊन बाहेर पडला. मेक्सिकोच्या युद्धात चांगला लढला, पण ते युद्ध अन्यायाचे होते असे आपल्या पुस्तकात त्याने स्वच्छ लिहून ठेवले आहे. १८४८ साली ज्यूलिया डेंटशी लग्न झाले. मग बदली झाली पॅसिफिक किनाऱ्यावर, बायकामुलांपासून हजारो मैल लांब. तिथे एकटेपणाने तो पिऊ लागला असे म्हणतात. १८५४ साली त्याने राजीनामा दिला.

त्यानंतरची सहासात वर्षे मला त्याच्या सगळ्या लढायांपेक्षा मोठी वाटतात. सेंट लुईसजवळ सासऱ्याच्या जमिनीवर त्याने शेती केली. ती पिकली नाही. जुना लष्करी कोट अंगात घालून तो शहराच्या रस्त्यांवर जळाऊ लाकडे विकत हिंडे. १८५७ च्या नाताळच्या दोन दिवस आधी त्याने आपले सोन्याचे घड्याळ गहाण टाकले. बावीस डॉलर मिळाले. मुले लहान होती. सणाला घरात काहीतरी आणायला नको का?

इथे मला आईच्या पाटल्या आठवल्या. त्या गेल्या तेही दिवाळीच्याच तोंडावर. आईने त्या स्वतः काढून दिल्या, आणि त्या वर्षी अनारसे नेहमीसारखेच केले. मी दहा वर्षांचा होतो. आईच्या हातांकडे मी पाहिलेच नाही. अनारशांकडे पाहत होतो.

त्याच ओढगस्तीतली दुसरी एक गोष्ट. सासऱ्याकडून ग्रँटकडे एक गुलाम आला होता, विल्यम जोन्स नावाचा. तो काळ असा की माणूस विकून हजार डॉलर सहज यावेत. घरात घड्याळ गहाण पडलेले. ग्रँटने १८५९ च्या मार्चमध्ये कचेरीत जाऊन त्याला मुक्त केल्याचा कागद करून दिला. एक पैसा घेतला नाही. वर्षभराने तो स्वतः गॅलीना गावी बापाच्या चामड्याच्या दुकानात धाकट्या भावांच्या हाताखाली काम करू लागला. वय अडतीस.

आणि १८६१ साली यादवी युद्ध पेटले.

युद्धाच्या कथा मी सांगत बसणार नाही. त्यांची ग्रंथालये भरली आहेत. एवढे पुरे की जो माणूस लाकडे विकू शकला नाही, तो तीन वर्षांत उत्तरेच्या साऱ्या सैन्यांचा सेनापती झाला. १८६२ च्या फेब्रुवारीत डोनेल्सनचा किल्ला त्याने बिनशर्त शरण यायला लावला तेव्हा त्याचे नाव प्रथम देशभर झाले. त्या लढाईत त्याच्या तोंडात सिगार होता असे वर्तमानपत्रांत छापून आले आणि लोकांनी प्रेमाने त्याला सिगारांच्या पेट्या पाठवायला सुरुवात केली, हजारो सिगार! तोवर तो फारसा ओढत नसे. आता फुकट आलेले वाया कसे घालवायचे? हे सिगार वाचकांनी ध्यानात ठेवावेत.

डाग त्याच्यावरही आहेत. १८६२ साली त्याने आपल्या हद्दीतून सरसकट ज्यू लोकांना हाकलण्याचा एक हुकूम काढला होता; लिंकनने तो रद्द करवला. कोल्ड हार्बरला त्याने हजारो माणसे व्यर्थ मारली. त्या हल्ल्याचा पश्चात्ताप पुस्तकात त्यानेच नोंदवला आहे.

पण ९ एप्रिल १८६५ चा तो दिवस! अ‍ॅपोमॅटॉक्स नावाच्या खेड्यातल्या एका घराच्या दिवाणखान्यात दक्षिणेचा सेनापती ली शरण यायला आला. नवाकोरा गणवेश, कमरेला झळझळीत तलवार. जिंकलेला ग्रँट आला तो साध्या शिपायाच्या कोटात, चिखलाने भरलेल्या बुटांनी. दोघे मेक्सिकोच्या जुन्या दिवसांच्या गप्पांत असे रंगले की शेवटी लीलाच कामाची आठवण करून द्यावी लागली. ग्रँटने तिथेच बसून अटी लिहून काढल्या. अधिकाऱ्यांच्या तलवारी काढून घ्यायच्या नाहीत. सैनिकांनी घरी जावे. ज्यांचे घोडे स्वतःचे असतील त्यांनी ते घेऊन जावेत, कारण पेरणीचे दिवस आले आहेत. उपाशी शत्रूसाठी त्याने आपल्या शिध्यातून पंचवीस हजार माणसांचे अन्न देऊ केले. बाहेर त्याच्या सैन्याने विजयाच्या तोफा सुरू केल्या, त्याही त्याने थांबवल्या. पुढे लीवर राजद्रोहाचा खटला भरण्याचे घाटत होते, तेव्हा मी त्याला शब्द दिला आहे म्हणून हा अडून बसला, आणि राजीनाम्याची धमकी देऊन त्याने ते थांबवले.

शब्दाला किंमत देणारा माणूस समोरच्याच्या शब्दालाही तीच किंमत देतो. रणांगणावर हे शोभले. राजधानीत ते महागात पडले.

१८६९ ते १८७७ अशी आठ वर्षे तो अध्यक्ष होता. नुकत्याच मुक्त झालेल्या काळ्या लोकांना मताचा हक्क देणारी पंधरावी घटनादुरुस्ती १८७० साली त्याच्याच कारकिर्दीत झाली, आणि त्यांना रात्री-अपरात्री ठार मारीत हिंडणाऱ्या कू क्लक्स क्लान या टोळीचा त्याने १८७१ च्या कायद्याने व फौजेच्या बळावर कणा मोडला. पुष्कळ वर्षे इतिहासकार हे विसरले होते. अलीकडे त्यांना पुन्हा आठवले आहे. त्यांच्या ध्यानात राहिले ते घोटाळे. दारूवरचा कर बुडवणाऱ्यांच्या कटात त्याचा खासगी चिटणीस अडकला, तर ग्रँटने त्याच्या बाजूने शपथेवर जबानी दिली! युद्धमंत्र्याला लाचेपायी जावे लागले, तर ग्रँटने त्याचा राजीनामा ताबडतोब घेऊन टाकला. स्वतः एक डॉलरही खाल्ला नाही. पण खाणाऱ्याच्या ताटाशेजारी बसून, हा जेवतो आहे की खातो आहे, हे याला कधी कळलेच नाही.

आता न्यूयॉर्क. जगप्रवास आटोपून, तिसऱ्यांदा अध्यक्ष होण्याची खटपट १८८० साली फसल्यावर ग्रँट तिथे राहायला गेला. त्याच्या मुलाची फर्डिनंड वॉर्ड नावाच्या एका तरुणाशी ओळख झाली. गोड बोलणारा, नम्र, वॉल स्ट्रीटवर तरुण नेपोलियन म्हणून नावाजलेला. दोघांनी पेढी काढली : ग्रँट आणि वॉर्ड. ग्रँटने आपली एक लाखाची पुंजी तीत घातली, नातेवाइकांनी घातली, जुन्या सैनिकांनी तर सेनापतीचे नाव पाहून घातली. नफा असा येई की ग्रँटला आपण लक्षाधीश झालो असे वाटू लागले. वॉर्ड कागद पुढे करी, हा न वाचता सही करी. मी बँकेत होतो म्हणून मला वॉर्डची तऱ्हा लगेच कळली : एकच रोखे चार ठिकाणी तारण ठेवायचे आणि आजच्या ठेवीदाराच्या पैशांतून कालच्याला नफा वाटायचा. अशा पेढ्या आमच्याकडेही काही कमी निघाल्या नाहीत.

१८८४ च्या मे महिन्यात, एका रविवारी, वॉर्ड घरी आला. बँक अडचणीत आहे, एका दिवसापुरते दीड लाख डॉलर हवेत. ग्रँट लंगडत (पाय दुखावून तो नुकताच बरा होत होता) विल्यम व्हँडरबिल्ट या कोट्यधीशाकडे गेला. व्हँडरबिल्टने सांगितले, बँकेशी मला कर्तव्य नाही, तुम्हाला मात्र देतो. चेक घेऊन वॉर्ड गेला तो गेलाच. मंगळवारी, ६ मेला, ग्रँट पेढीवर पोचला तेव्हा दारात गर्दी होती. संध्याकाळी घरातले रोख पैसे मोजले, नवराबायकोचे मिळून सुमारे दोनशे डॉलर भरले. माजी अध्यक्षांना तेव्हा पेन्शन नसे. ती १९५८ साली सुरू झाली. लष्कराची पेन्शन तर अध्यक्ष होताना सोडली होती.

पतपेढीचे पत्र आले त्या संध्याकाळी अण्णांनी ते दोनदा वाचले, घडी करून खिशात ठेवले आणि "पोळ्या झाल्या का?" असे विचारले. आईने मित्राच्या नावाने बोटे मोडायला सुरुवात केली, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "सही माझी आहे." महिन्याला तीस रुपये. मुद्दल नि व्याज मिळून अकरा वर्षे चालले ते. अण्णांनी ट्राम सोडली, मग चहा सोडला, संध्याकाळी एका कापडवाल्याची वही लिहायला जाऊ लागले. प्रत्येक हप्ता ते एका वहीत टिपून ठेवीत. शेवटची नोंद १९६८ च्या जानेवारीतली आहे. मी तेव्हा तरुण होतो आणि मला त्यांचा अभिमान वाटत नव्हता. राग येत होता. भोळेपणाने स्वतःचे नुकसान करून घेणे वेगळे, पण आईच्या पाटल्या कुणाच्या होत्या?

ग्रँटची सहीदेखील त्याचीच होती. घर, जमिनी, तलवारी, पदके, देशोदेशीच्या राजांनी दिलेल्या भेटी, सगळे त्याने व्हँडरबिल्टच्या नावे करून दिले. व्हँडरबिल्ट परत द्यायला निघाला, तर नवराबायकोने घेतले नाही. शेवटी तलवारी-पदके राष्ट्राच्या संग्रहालयात गेली. एक मात्र सुंदर घडले. न्यूयॉर्क राज्यातल्या एका अनोळखी गृहस्थाने पाचशे डॉलरांचा चेक पाठवला आणि आणखी हजाराची तयारी दाखवली. १८६५ च्या एप्रिलपर्यंत तुम्ही जी चाकरी केलीत, तिचे माझ्याकडे निघत असलेले देणे, अशा अर्थाचा मजकूर त्याने सोबत लिहिला होता.

त्याच उन्हाळ्यात एक पीच खाताना ग्रँटच्या घशात भयंकर कळ आली. ऑक्टोबरमध्ये डॉक्टरांनी सांगितले : कर्करोग. ते हजारो सिगार.

इथून पुढचे वर्ष म्हणजे त्याची खरी मोहीम. एका मासिकाने लढायांवर लेख मागितले होते, पाचशे डॉलरला एक. पहिला लेख त्याने असा लिहिला की जणू कचेरीचा अहवाल! संपादकाने युक्तीने बोलते करून त्याला समजावले, की तुम्ही हे तोंडाने सांगता तसेच लिहा. ही गोम कळली आणि लेखणी चालू लागली. मग मार्क ट्वेन आला. आठवणींच्या पुस्तकाला मासिकवाले शेकडा दहा देत होते. त्याने आपल्या प्रकाशनातर्फे नफ्याचे शेकडा सत्तर देऊ केले. गंमत पाहा, पुढे या ट्वेनचेच प्रकाशन बुडाले, आणि देणेकऱ्यांचे पैसे फेडण्यासाठी तो जगभर व्याख्याने देत हिंडला. १८९६ च्या जानेवारीत तो आपल्या मुंबईतही बोलून गेला, तो त्याच फेऱ्यात.

ग्रँट आडवा झाला की गुदमरे, म्हणून समोरासमोर ठेवलेल्या दोन खुर्च्यांवर तो दिवसरात्र बसून असे. डोक्याला लोकरी टोपी, गळ्याला रुमाल. घोटभर पाणी म्हणजे वितळलेले शिसे. घशाला कोकेनचे पाणी लावायचे आणि गुंगी नको म्हणून मॉर्फिया लांबवायचे. आधी तो मजकूर सांगे, आवाज गेल्यावर पेन्सिलीने लिही. १८८५ च्या जूनमध्ये त्याला माउंट मॅकग्रेगर नावाच्या डोंगरावरच्या घरात हलवले. तिथे तो डॉक्टरांशी चिठ्ठ्यांनी बोले. एका चिठ्ठीत त्याने लिहिले, की आपण सर्वनाम नसून क्रियापद आहोत असे वाटते. असणे, करणे आणि सोसणे, तिन्ही अर्थांनी. शाळेत व्याकरणाला कंटाळलेल्या माझ्यासारख्याला ही चिठ्ठी मास्तरांनी दाखवली असती तर!

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पुस्तक पुरे झाले. २३ जुलैच्या सकाळी ग्रँट गेला. दोन खंडांच्या तीन लाखांहून अधिक जोड्या खपल्या. जुने सैनिक दारोदार फिरून त्यांची नोंदणी करीत. ज्यूलियाला पहिला चेकच दोन लाख डॉलरांचा मिळाला. एकूण चार लाखांवर गेले.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट याच्या तेरा दिवस आधीची. १० जुलैला त्या डोंगरावर सायमन बकनर नावाचा एक म्हातारा भेटायला आला. लष्कराचा राजीनामा देऊन १८५४ साली ग्रँट न्यूयॉर्कला उतरला, तेव्हा खिशात दमडी नव्हती. घरून पैसे येईपर्यंत हॉटेलवाल्याकडे त्याच्या बिलाला जामीन राहिला तो हा बकनर. आणि डोनेल्सनचा किल्ला १८६२ साली ग्रँटला ज्याने शरण दिला, तोही हाच! तेव्हा शरणागतीच्या अटी कडक घालून झाल्यावर ग्रँटने त्याला बाजूला घेऊन आपली पैशांची थैली पुढे केली होती. आता ग्रँटला बोलता येत नव्हते. तो चिठ्ठीवर लिहीत होता आणि बकनर बोलत होता. पुढे अंत्ययात्रेत मान्यवरांबरोबर बकनरही चालला.

हे मी परवा आमच्या मावसभावाला सांगत होतो. तो दर दिवाळीला येतो, चकल्यांचा डबा घेऊन. देवापुढची नोट पाहून त्यानेच विषय काढला. सांगता सांगता मी बकनरपाशी आलो, हॉटेलच्या बिलाच्या जामिनापाशी, आणि मला पुढे बोलवेना.

१९८९ साली हा मावसभाऊ माझ्याकडे आला होता. छोटा कारखाना टाकायचा होता, लेथ घ्यायची होती, कर्जाला एक जामीन कमी पडत होता. मी अण्णांची वही पाहिलेला मुलगा. मी म्हणालो, बँकेतल्या माणसाला अशी सही करायला नियमाने मनाई आहे. असा नियम नव्हता. त्याने कारखान्याचा नाद सोडला आणि निवृत्त होईपर्यंत दुसऱ्याच्या कारखान्यात नोकरी केली. तो कर्ज फेडू शकला असता की नाही, देव जाणे. वॉर्डही नम्रच होता. बकनरही मित्रच होता. सही करताना कोणता कोण, हे कळायचे कसे?

"मग?" तो म्हणाला. "त्या बकनरचे पैसे मिळाले का त्याला?"

"द्यावेच लागले नाहीत," मी म्हणालो. "ग्रँटच्या घरून पैसे आले."

"बरं झालं," मावसभाऊ म्हणाला, आणि त्याने चकल्यांचा डबा माझ्याकडे सरकवला. सौ. आतून विचारीत होत्या, चहात साखर किती घालू.